मदत हवी आहे: गावच्या घरात स्मार्ट स्विच बसवू का? कंपनीने सर्व्हर बंद केला तर?

हर्णैजवळ आमचं घर आहे, मागे नारळी-पोफळीची वाडी. आई-बाबा दोघंच असतात तिथे, मी ठाण्यात. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर वाडीच्या पार टोकाला. टाकी भरायला भर पावसात बाबा शेवाळलेल्या पाखाडीवरून जातात, ते मला थांबवायचंय. शिवाय अंगणातले दिवे आणि एखाद-दोन कॅमेरे.

दापोलीचा वायरमन वाय-फाय स्विच सुचवतोय. स्वस्त आहेत, बसतातही पटकन. पण सगळा खेळ कंपनीच्या सर्व्हरवर. बाबांनी ओटीवर बसून अ‍ॅपमधलं बटण दाबलं तरी बऱ्याच मॉडेलांत निरोप आधी तिकडे जातो नि मग आमच्या विहिरीवर येतो. वादळवाऱ्यात नेट गेलं की संपलं. आणि कंपनीनेच गाशा गुंडाळला तर?

उगाच शंका काढत नाहीये. नेस्ट कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह ही कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये लोकांच्या घरातले तिचे चालू हब (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारी डबी) निकामी केले. इन्स्टिऑन या स्मार्ट स्विचवाल्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच कंपनी घेतली म्हणून परत सुरू झाले. बेल्किननेही वीमो या आपल्या स्मार्ट ब्रँडच्या बहुतेक उपकरणांसाठी ३१ जानेवारी २०२६ ही सर्व्हर-सेवेची शेवटची तारीख जाहीर केली. नावाजलेल्या ब्रँडांची ही गत, तर ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्विचचं काय घेऊन बसलात!

दुसरा मार्ग होम असिस्टंट या मोफत सॉफ्टवेअरचा. घरातच छोटा कॉम्प्युटर, त्याला झिगबीचे (वाय-फायऐवजी वेगळ्या बिनतारी पद्धतीने बोलणारे) स्विच, नेटची गरज नाही. मला मनापासून आवडलंय. पण मग कंपनी म्हणजे मीच की! विजा कडाडल्या आणि त्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड उडालं तर आईने कुणाला फोन करायचा?

तिसरा, शेतकरी वापरतात तो सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर. फोन किंवा एसएमएस केला की पंप चालू. पंपापुरता तरी मला हाच बरा वाटतो. मात्र टूजीवाला घेतला तर जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. फोरजीवाला कुणी वापरलाय का? ड्राय रनला, म्हणजे पाणी नसताना, पंप आपोआप बंद होतो का?

दिव्यांसाठी मॅटर या सगळ्या कंपन्यांच्या सामाईक मानकाचं चिन्ह असलेले स्विच घेतले तर नेट नसताना घरातल्या घरात चालतात असं वाचलंय. प्रत्यक्षात अनुभव काय? जुन्या वाय-फाय स्विचवर टास्मोटा (कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालणारं मोफत सॉफ्टवेअर) घालता यायचं, पण हल्ली आत चिप वेगळीच निघते, तिच्यावर ते चालत नाही म्हणतात. खोका न फोडता ओळखायची काही खूण? कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आणि ओनव्हिफ (कुठल्याही कंपनीच्या रेकॉर्डरशी जुळायचं मानक) एवढं पाहिलं तर पुरे ना?

काहीही बसवलं तरी हाताने दाबायचं बटण राहणारच. निसर्ग वादळानंतर गावात किती दिवस लाईट नव्हती ते आठवतंय.

गणपतीत मी तिकडे आहे, तेव्हाच काम उरकायचंय. समुद्राच्या खाऱ्या हवेत कुठली डबी गंजत नाही, तेही कुणीतरी सांगा.