केमो चालू असताना आयुर्वेदिक औषधं द्यावीत का?

निशिगंध:
आईला स्तनाचा कर्करोग आहे, केमो सुरू आहे. प्रत्येक सायकलनंतर तिला अन्नाचा वाससुद्धा नको होतो, तोंड येतं. मामा म्हणतात, "हे विष बंद करा, आयुर्वेद रोग मुळापासून काढतो." गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल आणि कसलंसं भस्म त्यांनी घरी आणून ठेवलंय. आयुर्वेदावर माझाही विश्वास आहे. अशा आजाराबद्दल ग्रंथ काय सांगतात? आणि ही औषधं द्यावीत का?

वैद्य_कायचिकित्सा:
ताई, केमो थांबवू नका आणि ती तिन्ही औषधं आज देऊ नका. मी आयुर्वेदाचाच वैद्य आहे आणि हे ग्रंथाला धरूनच सांगतोय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहाव्या अध्यायात रोगाचे चार प्रकार केलेत: सुखसाध्य (सहज बरा होणारा), कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य आणि उपचाराच्या पलीकडचा, म्हणजे असाध्य. औषधाला हात घालण्याआधी वैद्याने हे ओळखायचं. असाध्य रोगावर उपचार करत बसणाऱ्याचं धन, विद्या आणि यश तिन्ही जातं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. "सगळं बरं करतो" हा दावा त्या परंपरेत बसतच नाही. याप्य म्हणजे उपचार आणि पथ्य चालू आहे तोवर आटोक्यात राहणारा रोग. सुश्रुताने त्याला पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. आईचा रोग यातला कुठला, हे बायोप्सी, स्टेज आणि स्कॅनवरूनच ठरेल. नुसत्या नाडीवरून ते कुणीच सांगू नये.

आता औषधं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत, आणि केमोच्या बऱ्याच औषधांचा निचरा यकृतातूनच होतो. जास्त मात्रेतल्या हळदीने रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम वाढू शकतो. प्लेटलेट घसरलेले असताना तो धोका नको. भस्माचं म्हणाल तर त्यात काय आहे ते माहीत नसताना ते पोटात जाऊच नये. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचातल्या एका औषधात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

वमन-विरेचनाचा, म्हणजे औषधाने उलट्या-जुलाब करवून शरीर शुद्ध करण्याचा (शोधनाचा) आग्रह कुणी धरला तर सरळ नाही म्हणा. क्षीण रुग्णाचं शोधन करू नये, हा आमचाच नियम आहे.

मग आयुर्वेदाचं काम काय? अग्नी म्हणजे पचनशक्ती, आणि बळ सांभाळणं. ताजी, कोमट, पातळ पेज. ती पचली की मुगाचं कढण, मग मऊ भात. थोडं थोडं, भूक असेल तेव्हाच. कच्चे रस नकोत, जंतुसंसर्गाची भीती असते. तोंडासाठी ज्येष्ठमधाच्या कोमट काढ्याच्या गुळण्या करता येतात, गिळायचा नाही. पण आधी तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

सोबती:
बाबांच्या वेळी मी हेच केलं. पोटात जाणारं सगळं, चूर्णंसुद्धा, एका वहीत लिहायचो आणि डॉक्टरांसमोर ठेवायचो. ते रागावले नाहीत, उलट बारकाईने वाचून दोन गोष्टी काढायला सांगितल्या. आणखी एक, ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की काढा करत बसू नका, लगेच रुग्णालयात फोन करा.

निशिगंध:
मामांना कसं सांगू? ते दुखावतील.

वैद्य_कायचिकित्सा:
त्यांना काम द्या. चरकाने चिकित्सेचे चार पाद, म्हणजे चार आधार, सांगितलेत: वैद्य, औषध, परिचारक (शुश्रूषा करणारा), रुग्ण. मामा परिचारक होऊ शकतात. सकाळची पेज त्यांच्याकडे सोपवा आणि आईला ती कशी पचते हे त्यांनाच वहीत लिहायला सांगा.