‘प्रगत परिचारिका’ की ‘प्रगत परिचर्या’?

चिपळूणहून विचारणा
नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. ‘ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स’साठी (म्हणजे जादा शिक्षण घेऊन तपासणी-उपचाराचे काही निर्णय स्वतः घेणारी नर्स) ‘प्रगत परिचारिका’ आणि ‘उच्चशिक्षित परिचारिका’ असे दोन शब्द पुढे आलेत. कोणता घ्यावा?

वेंगुर्ल्याहून
दोन्ही नकोत. ‘उच्चशिक्षित’मुळे पदवी कळते, काम कळत नाही. ४ वर्षं बीएस्सी, २ वर्षं एमएस्सी करून शिकवायला गेलेल्या ताई उच्चशिक्षितच, पण म्हणून त्या नर्स प्रॅक्टिशनर (ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सचाच एक प्रकार) होत नाहीत. आणि ‘प्रगत परिचारिका’ लिहिलंत तर वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर मागास ठरतात. विशेषण कामाला लावा: प्रगत परिचर्या.

काम नेमकं कुठे बदलतं? फुरसं या विषारी सापाचा दंश घ्या. शिरेतलं २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळी हलवायची नाही, मग एकदा कलती करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा आत साबणाचा अंश राहिला असेल तर निरोगी रक्तही गोठत नाही, आणि नको असताना सर्पविषावरची लस चढते. एवढं आपल्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) चोख करतात. मात्र चाचणी हवी हे स्वतः ठरवणं, निकालाचा अर्थ लावणं, लेखी प्रोटोकॉलप्रमाणे लस सुरू करणं, ६ तासांनी पुन्हा चाचणी करून पुढचं ठरवणं, हे सगळं जिच्याकडे सोपवता येतं तिची परिचर्या प्रगत. त्यासाठीच तीन विषय वेगळे आणि खोलात शिकवतात: आजारात शरीराचं कार्य कसं बिघडतं, औषधशास्त्र, आणि रुग्णाची संपूर्ण तपासणी.

देवगडहून
‘चिकित्सक परिचारिका’ कसं वाटतं? जिल्हा शल्यचिकित्सक आपण म्हणतोच.

वेंगुर्ल्याहून
अर्थ बसतो, पण घराघरांत ‘चिकित्सक’ म्हणजे प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी. शिवाय शल्यचिकित्सक म्हणजे डॉक्टर, हे इतकं रुजलंय की पाटी वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

दापोलीहून
त्याहून मोठा गोंधळ ‘भूलतज्ज्ञ परिचारिका’ या शब्दाने होईल. अमेरिकेत या वर्गात चार भूमिका आहेत: नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, नर्स मिडवाइफ आणि नर्स ॲनेस्थेटिस्ट. तिथे नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला, तोही मुलांच्या आरोग्यासाठी. यातली भूल देणारी नर्स आपल्याकडे नाही, इथे भूल डॉक्टरच देतात. त्या नावाचं भाषांतर न करता ते तसंच ठेवा आणि पुढे एका ओळीत खुलासा द्या.

राजापूरहून
‘प्रगत शुश्रूषा’ का नको? आणि आमच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी यात येतात का?

दापोलीहून
‘शुश्रूषा’चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, ‘श्रु’ धातूवरून. त्यावरून आज्ञा पाळणं, मग सेवा. रुग्णाचं ऐकणं हा अर्थ मला फार प्रिय आहे, पण स्वतः निर्णय घेणाऱ्या भूमिकेला आज्ञाधारकपणाची छटा नको. (माहितीपत्रकात हा शब्द कुठे आलाच तर पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. ‘सुश्रुषा’ चूक.)

समुदाय आरोग्य अधिकारी यात धरू नका. त्यांचं प्रशिक्षण ६ महिन्यांचं, आणि त्यांत बीएएमएस झालेलेही असतात. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम बीएस्सीनंतर २ वर्षांचा, निवासी पद्धतीचा, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याचा. त्याआधी वॉर्डातला अनुभव लागतो. नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं प्रशिक्षण १८ महिन्यांचं. तिला ‘सुईण’ म्हणू नका, खेड्यात तो शब्द घरी बाळंतपण करणाऱ्या बाईचाच. ‘प्रसाविका’ चालेल, एएनएमच्या मराठी नावात (सहाय्यक परिचारिका प्रसाविका) तो आहेच.

चिपळूणहून
मग विभागाचं नाव ‘प्रगत परिचर्या’, आणि व्यक्तीसाठी?

वेंगुर्ल्याहून
‘नर्स प्रॅक्टिशनर’, देवनागरीत, जसंच्या तसं. खाली लिहा: ‘ठरलेल्या लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीत रुग्ण तपासून उपचार सुरू करणारी परिचारिका’. ‘चौकटीत’ हा शब्द जागेसाठी गाळू नका, नाहीतर पत्रक वाचून प्रवेश घेणाऱ्या मुली स्वतंत्र दवाखान्याची अपेक्षा धरून येतील.