व्यस्त व्यावसायिकाला रोज पाळता येईल असा बॅकअपचा नेम कोणता? (सोलापूर)

धागाकर्ती (करसल्लागार, नवी पेठ)

नमस्कार. नवी पेठेजवळ माझे करसल्ल्याचे छोटे कार्यालय आहे. दोन डेस्कटॉप, एक लॅपटॉप आणि दोन सहायक मुली एवढा आमचा व्याप आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी, जीएसटीच्या ताळमेळाच्या एक्सेल फाइली आणि स्कॅन केलेली कागदपत्रे मिळून साधारण ९० जीबी माहिती आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी वीज दोनदा गेली आणि आली, आणि त्यानंतर मुख्य डेस्कटॉपची हार्ड डिस्क सुरूच झाली नाही. बाहेरची हार्ड डिस्क घेऊन ठेवलेली होती, पण तिच्यावरची शेवटची प्रत साडेतीन महिन्यांपूर्वीची निघाली. दाखल केलेली विवरणपत्रे पोर्टलवरून पुन्हा उतरवून घेता आली. मात्र त्यांच्यामागचे ताळमेळाचे सगळे काम आम्हाला नव्याने करावे लागले आणि त्यासाठी दोन्ही मुली तीन आठवडे रात्री उशिरापर्यंत थांबल्या. त्यांना असे थांबवावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

बॅकअप घ्यायला हवा हे मला माहीत होते, पण कामाच्या गर्दीत तो रोज उद्यावर जात राहिला. म्हणून रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ न घेणारी आणि मी नसले तरी मुलींना करता येईल अशी पद्धत मला हवी आहे. चालू कामाचे फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडलेले आहे. तेवढे पुरेसे आहे का? आणि जुनी माहिती किती वर्षे सांभाळावी?

प्रतिसाद १ (संगणक दुरुस्ती, अशोक चौक)

ताई, आधी ड्राइव्हचा प्रश्न घेतो, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच झालेली असते. जोडलेले फोल्डर म्हणजे सिंक, आणि सिंकचे काम दोन्हीकडे सारखेपणा राखणे एवढेच असते. इथे फाइल चुकून पुसली तर ती तिथूनही जाते, आणि इथे बिघडलेली फाइल जतन झाली तर तीच बिघडलेली फाइल वर चढते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. मार्चमध्ये पुसलेली फाइल जुलैमध्ये आठवली, तर त्या ३० दिवसांचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय विनामूल्य मिळणारी १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसह मिळून असते, त्यामुळे आपली ९० जीबी माहिती तिच्यात मावणारही नाही.

दुसरा मुद्दा खंडणीखोर व्हायरसचा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्याने संगणकातल्या फाइलींबरोबर त्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद केल्या. म्हणून सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवर भिस्त ठेवता येत नाही. एक प्रत तरी वायर काढून कपाटात ठेवलेली हवी.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम मी सगळ्यांना सांगतो. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत वेगळ्या जागी असावी. पेन ड्राइव्ह मात्र या हिशेबात धरू नये. तो फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी ठीक आहे, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नाही. आणि डेस्कटॉपला यूपीएस जोडून घ्या. लिहीत असतानाच वीज गेली की हार्ड डिस्कला धक्का बसतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वीज किती वेळा जाते हे आपण जाणताच.

प्रतिसाद २ (पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, जुळे सोलापूर)

ताई, साधनांचे वर सांगून झाले आहे, म्हणून मी फक्त सवयीबद्दल लिहिते. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे ठरवले की तो वेळ मिळत नाही, हे आम्ही दोन वर्षे अनुभवले. शेवटी बॅकअप आम्ही शटर बंद करण्याच्या कामाला बांधला. संध्याकाळी जी मुलगी रोखीचा हिशेब मिटवते, तीच डिस्क जोडते, प्रत सुरू करते, ती पूर्ण झाल्यावर डिस्क काढते आणि वहीत तारीख व सही करते. वहीत सही नसेल तर किल्ली माझ्या हातात येत नाही. एवढ्या साध्या नियमाने काम सुरळीत झाले.

आमच्याकडे दोन डिस्क आहेत. एकीवर लाल आणि दुसरीवर हिरवी पट्टी चिकटवलेली आहे. एक प्रयोगशाळेत असते, दुसरी माझ्या घरी असते, आणि शनिवारी त्यांची अदलाबदल होते. घरी जाणाऱ्या डिस्कवर रुग्णांची माहिती असल्यामुळे ती विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केलेली आहे. आपल्याकडेही ग्राहकांचे पॅन आणि बँकखात्यांचे तपशील असणार, तेव्हा हे टाळू नका. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडण्याचा राखीव क्रमांक, मात्र छापून घरच्या कागदपत्रांत ठेवा. ती त्याच संगणकात ठेवली आणि तो संगणक बंद पडला तर डिस्क हातात असूनही उघडणार नाही.

आमची एक चूक सांगते, म्हणजे आपल्याला ती टाळता येईल. पहिले दोन महिने आम्ही डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फोल्डरची प्रत घेत होतो, आणि ते मूळ फोल्डर नसून शॉर्टकट होते. डिस्कवर रोज जात होता तो अवघ्या काही केबीचा शॉर्टकट. वहीत सह्या पूर्ण होत्या आणि डिस्कवर काहीच नव्हते. एका रुग्णाचा जुना अहवाल शोधताना हे लक्षात आले, तेव्हा आम्ही सगळेच हादरलो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डिस्कवरच्या कोणत्याही पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो.

प्रतिसाद ३ (टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

आमच्याकडे जॅकार्डची, म्हणजे कापडात विणायच्या नक्षीची, डिझाइने असतात आणि चार वर्षांपूर्वीचा नमुना ग्राहक अचानक मागतो, त्यामुळे जुन्या आवृत्तीचे मोल आम्हाला चांगले कळते. रोजची प्रत कालच्या प्रतीवर चढवू नका. सोमवार ते शनिवार अशी सहा फोल्डरे करा आणि त्या त्या वाराच्या फोल्डरात चालू कामाची प्रत घ्या. मंगळवारी फाइल बिघडली आणि गुरुवारी ते लक्षात आले, तरी सोमवारची प्रत शाबूत असते.

टॅलीबद्दल एक सूचना करतो. कंपनी उघडी असताना तिचे फोल्डर नुसते कॉपी करू नये, कारण अर्धवट लिहिलेली माहिती प्रतीत येऊ शकते. सर्वांनी कंपनी बंद करावी आणि टॅलीतलाच बॅकअपचा पर्याय वापरावा.

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घ्यायची असल्यास वेळेचा हिशेब आधी करा. सेकंदाला २० मेगाबिट असा अपलोडचा वेग धरला, तर ९० जीबी वर चढवायला सलग दहा तास लागतात. म्हणून पहिली प्रत रविवारी लावून ठेवावी. त्यानंतर फक्त बदललेल्या फाइली जातात आणि काही मिनिटांत काम होते. माझा स्वतःचा कल दोन डिस्ककडे आहे, आणि वर्षाची एक जास्तीची डिस्क पुण्याला बहिणीकडे असते. हुतात्मा एक्स्प्रेसने जाताना ती मी सोबत नेतो. डिस्क पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून बराच वर चढतो.

प्रतिसाद ४ (सनदी लेखापाल, सात रस्ता)

किती वर्षे सांभाळावे, याचे उत्तर कायद्यात आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी जपाव्या लागतात. अपील किंवा चौकशी चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ. ५७ वा नियम तर इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवण्यास स्पष्टपणे सांगतो. आपल्या ग्राहकांत कंपन्या असतील, तर कंपनी कायद्याप्रमाणे त्यांची हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवावी लागतात. पुस्तके इलेक्ट्रॉनिक असल्यास त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवण्याची अट आहे. तो आधी ठरावीक काळाने चालत असे, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोज घ्यावा लागतो. ही जबाबदारी कंपनीची असली, तरी लेखन आपल्याकडे होत असेल तर ग्राहकाशी हे लेखी ठरवून घ्यावे.

२०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो आणि आपले आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. वर्षाचे लेखे पूर्ण झाले की त्या वर्षाची स्वतंत्र प्रत काढून तिच्यावर वर्ष लिहून ठेवतो आणि ती पुन्हा कधी पुसत नाही.

धागाकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. लाल-हिरव्या डिस्क, वारांची फोल्डरे आणि सहीची वही हे तिन्ही कालपासून सुरू केले. दादा, एकच शंका आहे : प्रत घेण्यासाठी मुलींना एका क्लिकवर चालेल असे काही करून देता येईल का?

प्रतिसाद १

विंडोजमध्येच फाइलींची प्रत घेणारी रोबोकॉपी नावाची सोय आहे. तिची छोटी बॅच फाइल, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेली फाइल, करून डेस्कटॉपवर ठेवली की दोनदा क्लिक करताच फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली जातात. तिच्यातला मिरर हा पर्याय मात्र वापरू नका, कारण मूळ जागी नसलेली फाइल तो डिस्कवरूनही पुसतो. फोल्डरांची नावे कळवलीत तर तशी फाइल करून देतो.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनंतर)

या शनिवारी हिरवी डिस्क लॅपटॉपला जोडून सगळे परत आणून पाहिले. टॅलीच्या कंपन्या वीस मिनिटांत उघडल्या आणि एक्सेलच्या फाइलीही मिळाल्या. एका ग्राहकाची स्कॅन केलेली बिले मात्र डिस्कवर कुठेच नव्हती. शोधल्यावर कळले की व्हॉट्सॲपवर आलेली बिले डाउनलोड्स फोल्डरातच पडून राहतात आणि बॅच फाइलमध्ये ते फोल्डर नव्हते. दादांनी आजच ते घालून दिले आहे.