वाटे घालायचे तर बोकडाचं वजन सकाळी, उपाशी पोटी करा

‘दहा घरांनी मिळून बोकड घेतला की मटण स्वस्त पडतंच’ असं बरेच जण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. आमच्या कुडाळकडच्या वाडीत वाटे घालायची, म्हणजे मिळून बोकड घेऊन मटणाचे हिस्से करायची पद्धत जुनी आहे, पण जिवंत वजन आणि मटण यांतला फरक नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. 24 किलोच्या बोकडाचं मटण साधारण 11-12 किलोच निघतं. म्हणजे जिवंत बोकडाचा किलोचा भाव दुकानातल्या मटणाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर मटणात काहीच सुटत नाही. मग मुंडी, पाय, काळीज, वजडी (पोट-आतडी) एवढाच काय तो फायदा, आणि त्यातून खाटकाची मजुरीही द्यायची असते. एकदा विकणाऱ्याने वजनाआधी बोकडाला पोटभर पाला-पाणी दिलं होतं. त्या पोटातल्या पाण्याचे पैसे आम्ही बोकडाच्या भावाने मोजले! तेव्हापासून बोकड आदल्या संध्याकाळीच आणतो आणि वजन सकाळी करतो.

वाटे मात्र किलोवर नाही, मेळ बघून लावा. काळीज, चाप, नळी, चरबी प्रत्येक वाट्यात थोडी थोडी आलीच पाहिजे. आमच्याकडे वाटे लावणारा स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलतो, त्यामुळे इतक्या वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सगळेच मटणाकडे वळतात. बोकड मे महिन्यातच ठरवून ठेवा.