नेदरलँड्समध्ये बस्तान बसवताना : कागद, घर, सायकल, फोडणी (अनुभव धागा)

नोकरीनिमित्त नेदरलँड्सला येणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच, आणि उत्तरं पाच ठिकाणी विखुरलेली. इथे मुरलेल्यांनी एकेक विषय घ्यावा. "आम्ही आलो तेव्हा बाहेर बर्फ पडत होता" वगैरे नको. काय करायचं, किती लागतं, कुठे अडतं आणि का, तेवढंच लिहा. कुणाचं चुकलं तर बिनधास्त दुरुस्त करा.

आम्स्टलवेनहून – निघण्याआधीचे कागद

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो इथे येऊन निस्तरता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्तेत (नगरपालिकेत) नोंदणी करायची. त्यातून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो आणि पगार, विमा, कर सगळं त्याला बांधलेलं असतं. नोंदणीला पासपोर्ट, घराचा करार आणि जन्मदाखला लागतो. लग्न झालेल्यांना विवाह प्रमाणपत्रही. भारतातल्या दाखल्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन) हवी. आधी मंत्रालयातून राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, हा क्रम. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर तिथेच अडतो, कारण शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागतात. आईवडिलांनी प्रेमाने प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला दाखला बाजूला ठेवा आणि नवा काढा.

नवा काढताना दोन गोष्टी बघा. एक, तो मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत असावा. डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच कागद चालतात. नुसत्या मराठीतल्या जुन्या हस्तलिखित दाखल्याला शपथबद्ध भाषांतर लागतं आणि मराठीचा तसा अनुवादक इथे सहज मिळत नाही. दोन, 'बाळाचे नाव' हा रकाना. आपल्या पिढीतल्या कितीतरी दाखल्यांवर तो कोरा असतो, कारण नोंद जन्मानंतर लगेच झाली आणि बारसं नंतर. जिथे जन्म नोंदवला त्या कार्यालयातून नाव चढवून घ्या. याला आठवडे लागतात, तिकीट काढायच्या आधी सुरुवात करा.

बायकांसाठी वेगळं सांगते. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर खिडकीमागच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्रात दोन्ही नावं असतील असं बघा, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल तर तीही अपोस्टिल करून आणा. आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर तुमच्या नावाला जोडलेलं असेल तर इथे ते तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. पत्रं दोन आद्याक्षरं आणि आडनावाने येतात. त्याने बिचकू नका.

आइंडहोव्हनहून – घर

जाहिरातीत पहिलं वाक्य शोधायचं ते 'इनस्ख्रेव्हिंग', म्हणजे त्या पत्त्यावर नोंदणी करता येईल का. 'नोंदणी नाही' असं असेल तर घर कितीही स्वस्त असो, सोडा. पत्ता नाही म्हणजे बीएसएन नाही, आणि वरचे सगळे कागद पिशवीतच.

भाड्याच्या घराचे तीन प्रकार. 'खेम्युबिलेअर्ड' म्हणजे फर्निचरसकट. 'खेस्टोफेअर्ड' म्हणजे जमिनीवर लाकडी पट्ट्या किंवा गालिचा, पडदे, बहुतेकदा दिवे. आणि 'काल', म्हणजे शब्दशः टक्कल. आपल्याला वाटतं अनफर्निश्ड म्हणजे पलंग-सोफा नसणार. इथे जमिनीला सिमेंट दिसतं आणि छतातून वायरी लोंबत असतात. काल घर घेतलंत तर जमिनीवरच्या लॅमिनेट पट्ट्या, त्याखालचा आवाज दाबणारा थर, पडदे आणि दिवे यांचा खर्च धरा. फ्लॅटमध्ये तो खालचा थर सक्तीचा असतो. करारात किंवा इमारतीच्या नियमांत त्याने आवाज किती दाबला पाहिजे याचा आकडा दिलेला असतो, तो वाचून मग दुकानात जा. नाहीतर खालचा शेजारी तुमची पावलं मोजत बसेल.

१ जुलै २०२३ नंतरच्या करारात अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी. घरमालकासाठी काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही, मग तो तिला 'प्रशासकीय खर्च' म्हणो की आणखी काही. १ जुलै २०२४ पासून मुदतीचे करार अपवादानेच करता येतात, सर्वसाधारण करार बेमुदत. भाडं अवाजवी वाटलं तर हूर-कोमीसी या सरकारी भाडे समितीच्या संकेतस्थळावर घराचे गुण (ज्यांवरून वाजवी भाडं ठरतं) मोजता येतात. सुरुवातीच्या भाड्यावर हरकत पहिल्या सहा महिन्यांतच घ्यावी लागते. "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअर करतो" म्हणणारा मालक हा मालक नसतो.

भाड्याशिवाय नगरपालिकेचा कचरा-कर आणि पाणी मंडळाचा कर भाडेकरूलाच भरावा लागतो. वर्षाच्या सुरुवातीला एकदम बिल येतं, हप्ते करून घेता येतात.

उत्रेख्तहून – पत्रपेटी, विमा, डॉक्टर

पत्रपेटीवर आडनाव लगेच लावा. डिजिडी या सरकारी लॉगिनसाठी अर्ज केला की चालू करायचा कोड कागदी पत्राने नोंदलेल्या पत्त्यावर येतो आणि तो २१ दिवसांत वापरावा लागतो. त्या तीन आठवड्यांत पुण्याला जाऊन आलात तर पुन्हा पहिल्यापासून. निळा लिफाफा म्हणजे कर खातं. तो त्याच दिवशी उघडायचा.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायचा, पण हप्ता आल्या दिवसापासूनचा लागतो. त्यामुळे चौथ्या महिन्यापर्यंत थांबून काही वाचत नाही, चार हप्ते एकदम भरावे लागतात, बस. १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, पण त्यांचं नाव पॉलिसीत घालावं लागतं. वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा खर्च आधी स्वतः करायचा. गोम अशी की हाउसआर्त्सची (फॅमिली डॉक्टरची) भेट यात धरत नाहीत, पण त्यांनी लिहून दिलेली रक्ततपासणी आणि औषधं धरतात. "डॉक्टर फुकट होता ना, मग हे बिल कसलं?" याचं उत्तर ते.

हाउसआर्त्सकडे बरे असतानाच नाव घाला, बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत. थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही, चिठ्ठी लागते. फोनवर "बरं वाटत नाही" म्हणालात तर पॅरासिटामोल घेऊन आराम करा असं सांगतात. किती दिवस, किती ताप, लघवी-पाणी कसं आहे, आधी काय घेतलं, हे आकड्यांत सांगा. फोनवरचा माणूस त्यावरूनच निकड ठरवतो. रात्री आणि शनिवार-रविवारी हाउसआर्त्सन-पोस्ट, तिथेही आधी फोन. जिवावरचं असेल तर ११२.

हेगहून – ३० टक्के आणि लायसन्स

या दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत हे अनेकांना उशिरा कळतं. ३० टक्के सवलतीचा (पगाराचा काही भाग करमुक्त) अर्ज तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा. नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत केला तर पहिल्या दिवसापासून मिळते, नंतर केला तर पुढच्या महिन्यापासून. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२७ पासून प्रमाण २७ टक्के होणार आहे, त्यामुळे पगार ठरवताना निव्वळ हातात किती ते दोन्ही दरांनी काढा.

भारतीय लायसन्सवर नोंदणीपासून १८५ दिवस गाडी चालवता येते, पुढे डच परीक्षा. पण ३० टक्के सवलत असेल तर परीक्षेशिवाय अदलाबदल होते, एकाच पत्त्यावर राहणाऱ्या जोडीदाराचीसुद्धा. आधी सीबीआरकडे (वाहनचालकांच्या परीक्षा घेणारी डच संस्था) आरोग्याचं निवेदन, मग नगरपालिकेत अर्ज. मूळ भारतीय लायसन्स ते ठेवून घेतात. तेव्हा मुदत संपत आलेलं लायसन्स निघण्यापूर्वी आरटीओतून नवं करून आणा.

डेल्फ्टहून – सायकल

जुनी घेताना पायडल उलटं फिरवून बघा. बऱ्याच डच सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, उलटं पायडल हाच ब्रेक. सवय नसली तर पहिल्या सिग्नलला पाय मागे फिरवता आणि जागच्या जागी थांबता, मागचा अंगावर येतो. कुलूपं दोन: चाकाचं गोल आणि साखळी, साखळी खांबाला अडकवूनच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा. अंधारात नसला तर दंड. ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र बहुधा आपल्याकडच्या सायकलींचाच, तो पितळी बुचाचा.

आम्स्टलवेनहून – स्वयंपाकघर

भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर आणू नका. नव्या घरांत इंडक्शन असतं. तळाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालतं. मिक्सर २३० व्होल्टचा आहे तसा चालतो, फक्त पिन बसत नाही. प्रवासी ॲडॅप्टरमध्ये अनेकदा अर्थिंग नसतं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून इथला प्लग आणून वायरला जोडून घ्या.

फोडणीबद्दल: फ्लॅटमध्ये सगळ्या मजल्यांची हवा एकाच नळीतून जात असेल तर पंखेवाली चिमणी त्या नळीला जोडायची नाही. पंख्याचा दाब हिंग-मोहरीचा वास वरच्या घरात ढकलतो आणि तक्रार येते. तिथे कोळशाच्या फिल्टरची, हवा फिरवून तिथेच सोडणारी चिमणी लावतात. १ जुलै २०२२ पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. तो काढून कपाटात टाकू नका, स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी द्या.

आइंडहोव्हनहून – मुलं

पाचव्या वाढदिवसानंतरच्या महिन्याच्या १ तारखेपासून शाळा सक्तीची. त्यानंतर शाळा चालू असताना गणपतीला आठ दिवस घरी जाणं बसत नाही. विनापरवानगी गैरहजेरीला मुलामागे, दिवसागणिक दंड. धार्मिक सणासाठी एक दिवस मिळतो, किमान दोन दिवस आधी शाळेला कळवून. पाळणाघराचं सरकारी अनुदान आई आणि बाबा दोघंही नोकरी करत किंवा शिकत असतील तरच, आणि मागचं फक्त तीन महिन्यांपर्यंतचं मिळतं.

उत्रेख्तहून – राहिलेलं

बाटल्या कचऱ्यात टाकू नका. मोठ्या प्लास्टिक बाटलीला २५ सेंट, लहानीला आणि कॅनला १५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात परत मिळते. कॅन चेपायचा नाही आणि लेबल फाडायचं नाही. बारकोड वाचता आला नाही की यंत्र तो परत तुमच्याकडे ढकलतं.