नमाजेत मन लागत नाही म्हणून अरबीला दोष देऊ नका

खाडीकाठचा:
मागच्या आठवड्यात एका भावाने लिहिलं होतं, की त्याला नमाजेत खुशू, म्हणजे मनाची नम्र एकाग्रता, येत नाही. तोंडाने काय पढतोय तेच कळत नाही, म्हणून मराठी तर्जुमा (अनुवाद) पाठ केल्याशिवाय काही खरं नाही, असं त्याचं म्हणणं. उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हा धागा.

मला वाटतं आपला घोळ अर्थाचा नाही, घाईचा आहे. जोहरची (दुपारची) जमात, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायची नमाज, सुटली की उरलेल्या सुन्नती (ज्याने त्याने एकट्याने पढायच्या जादा नमाजा) कशा उरकतात ते मागच्या सफीत (रांगेत) बसून बघा. रुकूतून (कमरेत वाकून) उठलेली पाठ सरळ होते न होते तोच माणूस सजद्यात (कपाळ जमिनीला टेकून). दोन सजद्यांच्या मध्ये तर नीट टेकतही नाहीत. त्यात अर्थ माहीत असून तो शिरणार कुठे?

बुखारी या संग्रहात एक हदीस (पैगंबरांबद्दलची नोंदवलेली हकिकत) आहे. एकाने मशिदीत नमाज पढली, येऊन सलाम केला, तर पैगंबर (स.) म्हणाले, "परत जा आणि पढ, तू पढलीच नाहीस." असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगली येत नाही, शिकवा. मग त्याला जे शिकवलं त्यात मुख्य काय? रुकूत स्थिर हो, सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो. आणि तो माणूस अरब होता बरं. शब्द न शब्द त्याला कळत होता.

मिरजेचा दुकानदार:
हदीस मान्य, निष्कर्ष नाही. कुराणातल्या सूरह (अध्याय) निसाची 43वी आयत बघा: नशेत असाल तर आपण काय बोलतोय ते कळेपर्यंत नमाजेजवळ जाऊ नका. दारूचं सोडा, कारण काय दिलंय ते बघा की. काय बोलतोय ते कळलं पाहिजे!

माझंच सांगतो. लहानपणी मक्तबात (कुराण शिकवायच्या शाळेत) उस्तादांनी छडीच्या धाकाने सगळं पाठ करून घेतलं, अर्थ कुणी सांगितला नाही. "समिअल्लाहु लिमन हमिदह" म्हणजे इमामसाहेबांनी दिलेली "उठा"ची ऑर्डर, असं मी चाळिशीपर्यंत समजत होतो. हसू नका. मग कळलं, की जो अल्लाहची स्तुती करतो त्याचं अल्लाह ऐकतो, असं ते वाक्य आहे. त्या दिवसापासून रुकूतून उठलो की "रब्बना लकल हम्द" (हे आमच्या पालनकर्त्या, स्तुती तुझीच) म्हणायला आपोआप थांबतो. तुम्ही म्हणता ती सावकाशी मला अर्थानेच दिली.

खाडीकाठचा:
तुम्ही हनफी दिसता. आम्ही कोकणातले शाफई (दोन्ही सुन्नींच्याच धर्मशास्त्राच्या शाखा) इमामाच्या मागेही अलहम्दु (कुराणाची पहिली सूरह) स्वतः पढतो. तुम्ही मात्र जोहर-असरला (दुपारच्या आणि तिसऱ्या प्रहरच्या नमाजेला) मागे गप्प उभे, आणि इमाम मनात पढणार. तिथे अर्थ लावता तरी कशाचा?

मिरजेचा दुकानदार:
बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. त्याच शांततेत माझं दुकान उघडतं, उधारीच्या वह्या निघतात. एकदा तर स्टॉकमधला हरवलेला माल मला असरच्या तिसऱ्या रकातीत (नमाजेच्या फेरीत) सापडला.

वाचनवेडा:
मग सरळ मराठीतच का पढत नाही? तुम्हा हनफींचे मूळ इमाम अबू हनीफा यांनी फारसीत पढायला मुभा दिली होती ना?

मिरजेचा दुकानदार:
दिली होती. पण त्यांचेच दोन्ही शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, यांनी ती अरबी जमतच नाही अशा माणसापुरती ठेवली, आणि हनफींत पुढे तेच चाललं. मला अरबी सोडायची नाहीये, समजून घ्यायची आहे. मिरजेतला माणूस मक्केत गेला तरी त्याच सफीत उभा राहतो, ते मला मोडायचं नाही.

शेजारचा पाटील:
मी मुस्लिम नाही, पण राहवलं नाही. आमची आजी रामरक्षा म्हणायची, संस्कृत तिला काडीचं येत नव्हतं. तिच्याइतकं मन लावून म्हणणारा पंडित मी पाहिलेला नाही. त्यामुळे खाडीकाठवाल्यांना माझं मत.

दोन पोरांची आई:
चर्चा छान आहे, पण तुम्ही सगळे मशिदीत उभे राहून बोलताय. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत सजदा करते. माझ्या जानमाजवर (नमाजेच्या चटईवर) काबाचं चित्र होतं, तर धाकटा त्या काबाच्या दारात गाडी पार्क करायचा, नेमकी माझं कपाळ टेकायच्या जागी. शेवटी साधी पांढरी चादर काढली. पैगंबरांनीही (स.) नक्षीची चादर नमाजेत लक्ष वेधते म्हणून परत पाठवली होती, ते नंतर वाचलं.

मूल रडलं की पैगंबर (स.) नमाज आटोपती घेत, आईचा जीव वरखाली होऊ नये म्हणून. तेव्हा माझी नमाज लवकर संपली तर ती खाडीकाठवाल्या भाऊंनी घाईत धरू नये.

खाडीकाठचा:
नाही धरत, ताई. मी मोकळ्या माणसांबद्दल बोलत होतो.

फजरवाला:
मोकळी माणसं कोण, ते तुम्हीच ठरवलंत? मागच्या सफीत बसून लोकांच्या सुन्नती कोण कशा पढतोय ते बघत होतात, तेव्हा तुमची तस्बीह (नमाजेनंतरचा तेहतीस वेळांचा जप) कुठवर आली होती? सूरह मूमिनूनच्या दुसऱ्याच आयतीत मोमिन (श्रद्धावान) कोण, तर "आपल्या नमाजेत" खुशू राखणारे. आपल्या. शेजाऱ्याच्या नाही. अर्थवाल्यांनीही खूश होऊ नये. तर्जुमा पाठ असलेली माणसं मी पाहिलीत, अडाण्याशेजारी उभं राहिलं की त्यांच्या आवाजातच फरक पडतो. खुशूत आधी मान झुकते, आणि इथे तर सगळ्यांच्या ताठ.

खाडीकाठचा:
लागलं. तस्बीह तेहतीसपर्यंत गेली नव्हती, मध्येच मोजणी चुकली होती, कारण पुढच्याचे सजदे मोजत होतो. घाईबद्दलचं मत मात्र बदलत नाही.

दोन पोरांची आई:
मिरजवाले भाऊ, भांडण झालं असेल तर अत्तहियातचा (नमाजेत बसून म्हणायच्या पाठाचा) अर्थ सोप्या मराठीत लिहून द्याल का? मोठीला शिकवायचाय. ती विचारते, "बोट का उचलायचं?" आणि मी म्हणते, "उचलायचं असतं."

मिरजेचा दुकानदार:
लिहितो ना. दुकान बंद करून रात्री टाकतो. बोट त्यातल्या कलम्याच्या (श्रद्धेच्या साक्षीच्या) शब्दांना उचलतात, त्यामुळे आधी कलम्याचा अर्थ सांगा तिला, बाकीचं मी देतो. कुकर उतरवून वाचा मात्र.