गॅसबत्तीच्या पेटीवर सीआर-३९ लावायचं हाये, किती वेळ ठेवू?

चिमूरकर_पोट्टा
राम राम मंडळी. बीएस्सी फायनलले आहो, फिजिक्स. आमच्या आबाजीचा गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा होता, वराती, भजनं, दंडार, आजूबाजूच्या आठ-दहा गावाले त्याईच्याच बत्त्या जात. धंदा बसून लय वर्षं झाले पण सागाची पेटी अजून पडवीत पडून हाये, आत फुटक्या काचा, पंपाचे वायसर, मेंटलचे (बत्तीत जळते त्या जाळीचे) पुडके, अन् जळलेल्या मेंटलची पांढरी भुकटी बुडाले बसलेली. आई म्हणते पेटी मजबूत हाये, धुवून यंदा मोहफुलं भरू. मी म्हटलं थांब, त्या मेंटलमधी थोरियम राहते, किरण सोडनारा धातू.
कॉलेजचा जीएम काउंटर (किरण मोजाचं यंत्र) आणून पाह्यला, पुडक्यापाशी कटकट वाढते पण पेटीच्या मोकळ्या बुडावर बॅकग्राउंडएवढंच (कुठंबी नेहमी राहते तेवढंच) दाखवते. सरांनी सीआर-३९ चे, म्हणजे किरणांच्या खुणा धरनाऱ्या बिनबॅटरीच्या प्लास्टिकचे, सहा तुकडे देले, १ सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटर. चिपकवू का वरून टांगू, किती वेळ ठेवू, अन् जीएम नाई म्हणून रायला तर विषय संपला असं समजू का?

एक्सरेवाला_भाऊ
मी तालुक्याले एक्स-रे टेक्निशियन आहो. आमच्या छातीवर टीएलडी बॅज राहते, अंगावर किती किरण पडले ते मोजाले, तोही बिनबॅटरीचाच, तीन महिन्यानं तपासाले जाते. तो देऊ का लावाले? 😄

जुना_लॅबवाला
बॅज नको भाऊ, त्यात टेफ्लॉनमधल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, त्या एक्स-रे आणि गॅमासाठी. थोरियममधून निघणारा अल्फा कण कागदसुद्धा ओलांडत नाही, तो बॅजच्या वेष्टनातच मरतो. शिवाय दुसऱ्याच्या पेटीचा डोस तुमच्या नावावर चढेल, मग द्या खुलासे.

आता बाबू तुझं. जीएम नाही म्हणतो याचा अर्थ नाही असा होत नाही. समज पेटीवर दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ बेकरेल अल्फा आहे, म्हणजे सेकंदाला सरासरी ०.०४ कण. जीएमच्या मोठ्या चपट्या पॅनकेक नळीची खिडकी साधारण १५ चौरस सेंटिमीटरची, तिच्यातही मिनिटाला दहा-बारा कण गेले तर खूप, आणि बॅकग्राउंडच मिनिटाला तीस-चाळीस, कुठे दिसणार? तुझी कॉलेजची नळी तर त्याहून लहान असेल. आता तोच हिशोब तुकड्यावर कर. सेकंदाला ०.०४ मधले निम्मे वर येतात म्हणजे ०.०२, दिवसाचे ८६,४०० सेकंद, झाले १,७०० च्या वर कण. तिरपे शिरलेले बरेचसे खूण सोडत नाहीत, अर्धे सोडून दे, तरी कंट्रोलपेक्षा, म्हणजे पेटीला न लावलेल्या तुकड्यापेक्षा, कितीतरी जास्त. आणि सीआर-३९ ला बीटा, गॅमा, उजेड यांचं काही देणंघेणं नाही. चष्म्याच्या काचांचंच प्लास्टिक ते, त्यात अल्फाचे माग उमटतात हे १९७८ साली छापून आलं.

म्हणून टांगू नको, चिकटवूनच ठेव, २४ तास. वरची पॉलिथिनची साल काढायला विसरू नको, ती राहिली तर अल्फा तिथेच अडतात, माझी एक अख्खी बॅच अशी वाया गेली आहे. काजळीच्या किंवा तेलाच्या थरावर लावलास तरी तेच.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. थोरियमच्या साखळीत थोरॉन नावाचा वायू येतो, त्याचं अर्धायुष्य ५५ सेकंद. तेवढ्यात तो जाळीतून निसटतो, आसपासच्या लाकडावर त्याचं शिसं-२१२ बसतं, त्याचं अर्धायुष्य १०.६ तास. म्हणजे जिथे भुकटीचा कणसुद्धा पडला नाही तिथेही तुकडा भरून येईल, आणि तुकडा तर बेरीज करतो, कधी आलं ते सांगत नाही. तेव्हा दोनदा लाव. मेंटल काढल्या काढल्या दोन तुकडे, मग पेटी उघडी ठेवून चार दिवसांनी त्याच जागी दुसरे दोन. चार दिवसांत शिसं नऊ वेळा निम्मं होतं, पाचशेतलं एक उरतं. त्यानंतर जे दिसेल ती खरी भुकटी. पाचवा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून त्याच घरात कंट्रोल म्हणून, सहावा राखून ठेव. प्रत्येकाच्या मागे पिनेनं नंबर कोर.
मेंटल काढताना मास्क, ओलं फडकं, जाड पिशवी. झाडू नको, फुंकर तर अजिबात नको, पोटात-छातीत गेलेलीच वाईट असते ती.

झाडीपट्टी_एक्सप्रेस
म्हणजे आम्ही दंडारीत रातभर थोरियमच्या उजेडात नाचत होतो म्हना की बाप्पा

चिमूरकर_पोट्टा
😂 काका, एचिंगचं, म्हणजे कॉस्टिकमधी ठेवून खुणा मोठ्या कराचं, सांगा न. आमच्याकडे लाईट कधीही जाते, सहा तास ७० डिग्री कसं सांभाळू?

जुना_लॅबवाला
म्हणूनच पहिले तुकडे आल्या आल्या एच करू नको. माग कुठे पळून जात नाहीत, फॉइलमध्ये ठेव आणि कंट्रोल धरून पाचही एकाच बीकरमध्ये एकदमच टाक. लाईट गेली तर सगळ्यांचीच गेली, तुलना बिघडत नाही. ६.२५ नॉर्मल म्हणजे लिटरला २५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, पाण्यात कॉस्टिक हळूहळू टाकायचं, उलटं नाही, चष्मा घालून, आणि कॉलेजच्या लॅबमध्येच. घरी जर्मनच्या गंजात तर मुळीच नाही, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन निघतो. मग ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली गोल खड्डे मोज.

चिमूरकर_पोट्टा
मंडळी झालं एकदाचं. लाईट दोनदा गेली, साडेसात तास लागले. मेंटल काढल्यावर लगेच लावलेल्या दोन्ही तुकड्यावर खड्डेच खड्डे, एकमेकात घुसलेले, मोजनं सोडून देलं. चार दिवसानंतरचा झाकणाच्या आतला तुकडा जवळपास कंट्रोलसारखाच निंघाला. पण बुडाच्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर मधी मोकळं अन् एका जागी झुपका, मधून चारी बाजूले खड्डे फाकलेले, रांगोळीच्या ठिपक्यासारखे. असे तीन झुपके.

जुना_लॅबवाला
तो एकेक झुपका म्हणजे भुकटीचा एकेक कण. झाकणावरचं शिसं होतं, ते गेलं. बुडाचं जाणार नाही, सागाच्या रेषांत बसलेलं आहे, धुवून अर्धंच निघेल. आता सहावा तुकडा ओल्या फडक्यानं पुसल्यावर त्याच कोपऱ्यात लाव.

चिमूरकर_पोट्टा
लावतो उद्या. आईले झुपक्याचा फोटो दाखवला तं म्हणे हे तं जवारीवरच्या बुरशीवानी दिसते. मोहफुलं ड्रममधीच भरून रायली, झाकण तेवढं मागते ती, पाटा करते म्हणते.

एक्सरेवाला_भाऊ
झाकण देऊन टाक बे, पन आंधी त्याचीबी बाहेरची बाजू तपास.